नारोशंकराची घंटा आणि गोदेचा घाट

क्षेत्र नाशिक आपल्या ज्ञातीतील कुटुंबांस नवे नाही. घरातील वडीलधारे माणूस गेले की अस्थी घेऊन रामकुंडावर यावे, क्षेत्रोपाध्यायांच्या घरी उतरावे, वहीत नाव घालावे, काळ्या रामाचे दर्शन घ्यावे, भांडीबाजारातून एखादा तांब्या वा समई घ्यावी आणि परतीची गाडी धरावी, हा क्रम आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. सिंहस्थात पर्वणी साधण्यासाठी येणारी कुटुंबेही पुष्कळ. परंतु दुःखाच्या वा गर्दीच्या प्रसंगी माणसाची नजर खाली असते. रामकुंडाच्या पायऱ्यांवरून थोडे प्रवाहाच्या दिशेने पाहिले, तर पंचवटीच्या बाजूस तटबंदीच्या मधोमध एक कमान आहे आणि तीत एक मोठी घंटा टांगलेली आहे, हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. त्या घंटेची हकीकत, आणि तिच्या निमित्ताने त्या घाटाची व आसपासच्या जुन्या पेठेची हकीकत, ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

घंटा ज्या मंदिराची, ते मंदिर रामेश्वराचे. लोक मात्र त्याला बांधणाऱ्याच्याच नावाने ओळखतात. सरदार नारो शंकर राजेबहादूर ह्यांनी ते इ. स. १७४७ मध्ये बांधविले. हा पुरुष साधा नव्हे. मालेगावचा भुईकोट किल्ला त्यांचा. झाशीची सुभेदारी त्यांनी केली आणि तेथील किल्ला वाढविला, शहर वसविले. १७६० साली सदाशिवरावभाऊ दिल्ली घेऊन पुढे कुंजपुऱ्याकडे निघाले, तेव्हा दिल्लीच्या रक्षणास मागे ठेवलेले सरदार हेच. पानिपतची वार्ता आली तेव्हा हे दिल्लीत होते. एवढ्या उलाढाली केलेल्या माणसाचे नाव आज सामान्य मनुष्याच्या तोंडी राहिले आहे ते झाशीमुळे नव्हे, दिल्लीमुळे नव्हे. नाशकात नदीला पूर आला म्हणजे राहिले आहे. तो प्रकार पुढे येईलच.

मंदिर घडीव दगडाचे, बाहेरून शिल्पांनी भरलेले. सभोवती किल्ल्यासारखा तट, कोपऱ्यांवर छत्र्या. नदीकडील दरवाजावर ही घंटा. तिच्यावर १७२१ हे साल आहे, आणि ते ख्रिस्ती सन आहे. शिवालयाच्या दारावरील घंटेवर शक नाही, संवत नाही, इसवी सन आहे, ही गोष्टच तिचे मूळ सांगून जाते. ही घंटा पोर्तुगीज चर्चची.

वसईची मोहीम आपण शाळेत शिकलो आहोत. १७३७ साली सुरू झालेली ती मोहीम चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा कोट घेऊन संपविली. उत्तर कोकणातील पोर्तुगीजांच्या ठाण्यांतील चर्चच्या घंटा त्या विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात ठिकठिकाणी गेल्या. भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, आणि नाशकास ही. ओतली गेली तेव्हापासून वसई पडेपर्यंत अठरा वर्षे ती कोणा ख्रिस्ती गावास प्रार्थनेसाठी बोलावीत असली पाहिजे; आणि आठ वर्षांनी बांधलेल्या मंदिरावर ती शंकराच्या सेवेस लागली. धातू तोच, नाद तोच. तिचा आवाज कोसांवर जाई असे जुने लोक सांगत. विजयचिन्ह म्हणून ती मिरविली गेली हे खरे, पण ती वितळवून तोफ केली नाही की मोडीत काढली नाही; घंटेला घंटा म्हणूनच ठेविले, ह्याचे आम्हांस अधिक कौतुक वाटते.

आता पुराची गोष्ट. गोदावरी त्र्यंबकास ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशकास येते तेव्हा तिचे वय, म्हणजे तिचा प्रवास, जेमतेम एका दिवसाच्या पायवाटेचा असतो. अशा बालनदीने पूर तो किती आणावा, असे परगावच्या माणसास वाटते. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस ज्याने पाहिला आहे तो असे म्हणणार नाही. मागे घाटमाथा, मधे थोडे अंतर आणि पुढे पाणी पसरावयास अरुंद पात्र. त्यामुळे येथला पूर चढतो फार थोड्या वेळात. त्याची मोजदाद नाशिककरांनी शास्त्रीय उपकरणांवर सोपविली नाही. ती त्यांनी देवांवर सोपविली.

रामकुंडाजवळ पात्रातच एक उंच मारुती उभा आहे. त्याला दोन्ही बाजूंस मुखे आहेत म्हणून तो दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात नाशकातील कोणत्याही घरी पुराची चौकशी होते ती अशी: पाणी मारुतीच्या पायाला लागले का? कमरेला आले का? छातीशी आले का? मारुती बुडाला म्हणजे पूर खरा. मग पाणी उजव्या तीरावर भांडीबाजारात व सराफ बाजारात शिरते, सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजल्या जाऊ लागतात. आणि ह्या सर्वांच्या वरची, शेवटची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर, त्यापुढे मोजमाप नाही. सप्टेंबर १९६९ मध्ये तसा महापूर आला. नाशिककर जुन्या पिढीचा असेल तर तो आजही कोणत्याही पुराची तुलना त्याच पुराशी करतो. १९ सप्टेंबर २००८ चा पूर आणि २ ऑगस्ट २०१६ चा पूर नव्या पिढीने पाहिला. दोहोंत बाजारपेठेचे अतोनात नुकसान झाले.

वर गंगापूरचे मातीचे धरण स्वातंत्र्यानंतर झाले आहे. तेथून किती क्यूसेक पाणी सोडले, त्याचे आकडे सरकारी खाते वेळोवेळी जाहीर करते. ते आकडे उपयोगाचे आहेत ह्यात शंका नाही. तथापि आकडा ऐकल्यावर लोक एकमेकांस विचारतात, म्हणजे मारुती कुठपर्यंत? क्यूसेकचे भाषांतर मारुतीत केल्याशिवाय नाशिककरास पूर कळत नाही, आणि त्यात आम्हांस अडाणीपणा दिसत नाही. आकडा धरणाजवळचा, मारुती दाराजवळचा.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. नारोशंकरांनी घंटा टांगली ती विजयाची खूण म्हणून. पुराची खूण ती नदीने केली आणि लोकांनी मानली. सरदाराने ठरविलेला अर्थ आज इतिहासाच्या अभ्यासकापुरता उरला आहे. लोकांनी दिलेला अर्थ जिवंत आहे. सार्वजनिक स्मारकांच्या नशिबी असे क्वचित येते. बहुतेक फलक वाचले जात नाहीत. हा फलक नव्हे, ह्यावर मराठीत एक अक्षर नाही, आणि तरी सारे गाव तो वाचते.

जुन्या गावाची ठेवणही ह्या खुणांच्या संदर्भात पाहिली पाहिजे. नाशिक नऊ शिखरांवर, म्हणजे नऊ टेकड्यांवर वसले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. व्युत्पत्ती कशीही असो, टेकड्या आहेत, आणि जुनी वस्ती त्यांच्या आधाराने वर चढली आहे. कपालेश्वराचे देऊळ रामकुंडासमोर उंच पायऱ्यांवर आहे. नंदी नसलेले शिवालय म्हणून यात्रेकरू त्याचे नवल करतात. त्याची उंचीही नवल करण्यासारखी आहे. काळा राम नदीपासून आत, चढावर. घाटाशी जे बांधले ते दगडाचे आणि पाण्याखाली जाऊन पुन्हा वर येण्याच्या तयारीने बांधले. राहावयाचे ते वर, स्नानसंध्येचे ते खाली. सराफ बाजार व भांडीबाजार मात्र उजव्या तीराच्या सखल भागात आहेत आणि तेथेच सरस्वतीचा नाला गोदेस मिळतो. नदी चढली की नाल्याचे पाणी मागे रेटले जाते. म्हणून ह्या दोन बाजारांस पुराचा मार नेहमीचा.

ज्यांस एक दिवसाची सवड आहे त्यांनी काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. रामकुंड हे खटावच्या चित्रराव खटावकरांनी इ. स. १६९६ मध्ये बांधले. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचे येथे विसर्जन झाले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई ह्यांनी आपले उत्तरायुष्य नाशकाजवळ गंगापूर येथे काढले; पानिपतात गेलेला विश्वासराव, मागून गेलेला माधवराव, पुण्यात मारला गेलेला नारायणराव, ह्या तिन्ही पुत्रांचा शोक घेऊन ती माउली ह्याच नदीच्या काठी राहिली. उजव्या तीरावर पुलाशी सुंदरनारायणाचे देऊळ आहे. ते १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी बांधले, आणि त्याची रचना अशी की २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडावेत. अलीकडे त्याच्या झिजलेल्या दगडांच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले. शेजारचा पूल १८९५ सालचा. व्हिक्टोरिया राणीचे नाव जाऊन त्यास आता अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे, आणि ज्यांनी ह्या देशात इतके घाट बांधले त्यांचे नाव नदीवरील पुलास शोभते. सराफ बाजारात सरकारवाडा आहे, पेशवाईतला. १८४० साली स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय पुष्कळ वर्षे त्या वाड्यात होते. संत गाडगे महाराजांनी यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळाही ह्याच परिसरात आहे. हे सर्व पायी दोन-तीन तासांत होते. सीतागुंफेत लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी गर्दीचा अंदाज घ्यावा, एवढेच सुचवितो.

काळ्या रामाविषयी मात्र थोडक्यात आटोपणे बरे नव्हे. सरदार रंगराव ओढेकर ह्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काळ्या पाषाणाचे मंदिर उभारले. दोन हजार माणसे बारा वर्षे खपत होती असे सांगतात. आपल्या ज्ञातीतील जुन्या मंडळींनी तेथील रामनवमीचे व रथाचे वर्णन मुलानातवंडांस अनेकदा ऐकविले असेल. परंतु त्याच दारांचा दुसराही इतिहास आहे आणि तो कोणत्याही ज्ञातीच्या स्मरणिकेत गाळता कामा नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य बांधव मिरवणुकीने ह्या मंदिरापाशी आले. दरवाजे बंद होते. मिरवणूक तेथून निघून गोदेच्या घाटावर आली आणि तेथे तिची सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या दारांशी बसली. दादासाहेब गायकवाड ह्यांनी ह्या लढ्याचा भार वाहिला. त्या वर्षीच्या रामनवमीस रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह थांबत, पुन्हा उभा राहत, १९३४ पर्यंत चालला. आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यात येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात व्हावयास १९४७ साल उजाडले.

ही हकीकत पुराच्या हकीकतीत का आणली, असे कोणी विचारील. ज्या घाटावर आपण पितरांना पाणी देतो त्याच घाटावर, देवाच्या दारातून परत पाठविलेली माणसे जमून बसली होती. समोर नारोशंकराच्या तटावर ती घंटा होती. परधर्माच्या देवळातून आलेल्या घंटेला शिवाच्या दारात जागा मिळाली होती. गावाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या रामभक्ताला रामाच्या दारात मिळाली नाही. तट चढवून आणलेल्या धातूविषयी जे औदार्य होते ते जिवंत माणसाविषयी नव्हते, एवढे आपण आपल्याशी तरी मान्य केले पाहिजे.

आता वर्तमानाकडे येऊ. २००८ च्या पुरानंतर नाशकात पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करू नये, निळ्या व लालच्या मधे अटी पाळून करावे, असा साधारण दंडक. ह्या रेषा कागदावर उमटताच पात्रालगतच्या जमीनमालकांत व जुन्या वाड्यांच्या रहिवाशांत खळबळ उडाली, ती स्वाभाविक होती. ज्याचा वडिलोपार्जित वाडा रेषेत आला त्याला तो पाडून नवा बांधता येईना. पडका तसाच ठेवणे तर धोक्याचे. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण रेषा वर-खाली सरकवून पाणी वर-खाली सरकत नाही, हेही तितकेच खरे. कोणी रेषेविषयी तक्रार करू लागला म्हणजे त्याला आम्ही घाटावर घेऊन जावे आणि घंटेकडे बोट दाखवावे, असे मनात येते. ती लाल रेषाच आहे. फरक इतकाच की ती दगडात आहे आणि तिच्यावर हरकत नोंदविण्याची सोय नाही.

नदीशी केलेले दुसरे वर्तनही नमूद केले पाहिजे. सिंहस्थाच्या सोयीसाठी म्हणून पात्रातील प्राचीन कुंडांच्या तळाशी काँक्रीट घालण्यात आले. कुंडांतील जिवंत झरे त्याखाली गेले. ते काँक्रीट काढावे ह्यासाठी नाशिकच्या नागरिकांस न्यायालयाची पायरी चढावी लागली. यात्रेकरूंची सोय पाहणे योग्यच. पण ज्या पाण्यासाठी यात्रेकरू येतो ते तळातून येणारे पाणी बंद करून त्याची सोय करणे, हा व्यवहार आम्हांस उमगलेला नाही.

आणखी एक ऐवज ह्या घाटावर आहे आणि तो सर्वस्वी आपला आहे. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. प्रत्येक उपाध्यायाकडे ठराविक गावांची व ज्ञातींची कुळे लागलेली असतात. येणाऱ्या यजमानाने आपले नाव, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव, मूळ गाव व येण्याचे कारण स्वहस्ते लिहून सही करावयाची. ज्यांच्या घरी एकही जुना कागद उरलेला नाही, त्यांच्या पणजोबांची मोडीतील सही नाशकास वा त्र्यंबकास सापडते. संस्थेच्या कुलवृत्तान्ताच्या कामी अशा नोंदींचा उपयोग किती होतो हे ह्या कामात पडलेल्या मंडळींस माहीत आहे. ह्या वह्या सरकारी दप्तरखान्यात नाहीत; त्या उपाध्यायांच्या राहत्या घरांत, बासनांत बांधलेल्या आहेत, आणि जुन्या कागदाचे व पाण्याचे वैर सर्वश्रुत आहे. म्हणून आमची सूचना अशी की, ज्या कुटुंबास ह्या वर्षी नाशकास जाण्याचा योग येईल त्यांनी आपल्या कुळाच्या पानांची, उपाध्यायांची परवानगी घेऊन, छायाचित्रे काढून आणावीत. मोडी वाचणारा घरात नसेल तर पाने तशीच आणावीत, वाचणारा मिळतो. उपाध्यायांस त्याबद्दल यथाशक्ती दक्षिणा द्यावी. पिढ्यान्‌पिढ्या कोणी न सांगता त्यांनी आपली नावे सांभाळली आहेत.

आणि शक्य असेल तर बुधवारी जावे. त्या दिवशी घाटावर आठवड्याचा बाजार भरतो. भाज्यांचे वाटे, धान्याची पोती, मातीची भांडी, सुया-दोऱ्याची दुकाने थेट पात्रालगतच्या फरशीवर मांडलेली असतात. पावसाळ्यात विक्रेत्याचा एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक मारुतीवर असतो. वरून पाणी सोडल्याची वर्दी आली म्हणजे ताडपत्र्या गुंडाळून माल वरच्या पायऱ्यांवर नेला जातो, आणि पाणी उतरले की गाळ धुऊन दुकान पुन्हा त्याच जागी लागते. अशा वेळी पुलावर उभे राहून प्रवाहाच्या दिशेने पाहावे. प्रथम मारुती दिसेल, मग डाव्या हातास नारोशंकराचा तट आणि कमानीतील घंटा. त्या दोहोंमध्ये किती अंतर आहे ते मुलांना डोळ्यांनी मोजावयास सांगावे, आणि १९६९ साली ते सारे पाण्याने भरले होते हेही सांगावे.